रुसायला कोपरा

काशीगावात मावसभावाकडे जेवायला गेलो होतो. काफ्काचा विषय निघाला, अर्थात मीच काढला. भाऊ म्हणाला, ‘‘घरच्यांपासून तुटणं वगैरे मोठ्या घरांतली चैन रे. इथे वन आरकेत रुसून जायचं कुठे? मोरीत?’’ सगळे हसले. मला ते लागलं.

पण माणूस तुटायला जागा लागते, हे खरं नाही. काम्यूच्या ‘परक्या’ने (१९४२) आईला वृद्धाश्रमात ठेवलं. घर मोकळं झालं, तर हा गडी जेवणाचं टेबल झोपायच्या खोलीत ओढून तिथेच राहायला लागला. बाकीच्या खोल्या नकोच होत्या त्याला.

मी पाहतो ते घर कुणाच्या पैशावर चालतं ते. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खात्यापित्या घरचा. पुण्यात वडिलांच्या पैशावर शिकायचं, तेच उडवायचे आणि दावाही त्यांच्याशीच मांडायचा. (‘कॅचर इन द राय’मधल्या होल्डनशी त्याचं नातं लावतात; लावायचंच तर इथे लावावं. तोही बापाच्या पैशावरच वैतागलेला.) बहीण मणी देवीने जाते तेव्हाचा त्याचा आकांत खोटा नाही, जराही नाही. पण बापावर एवढं तोंड टाकता येतं, कारण घर त्याच्यावाचून चालत असतं. म्हणजे चैन हा शब्द इथे बसतो. भावाला एवढं द्यावंच लागेल.

काफ्काच्या ग्रेगोर साम्साचं (१९१५) उलट. बापाचं कर्ज हा फेडतो, फिरतीची नोकरी करतो, घरभाडं त्याच्या जिवावर. त्याला भांडायची सोयच नाही. रुसायला खोली आहे, तिला दारंही तीन, रात्री तो ती आतून लावून घेतो. पण रुसवा परवडत नाही. किडा झाल्यावर कमाई थांबते आणि घरात तीन भाडेकरू येतात. नको असलेलं सामान मग त्याच्याच खोलीत.

काशीगावात हप्ता भरणारे बहुतेक ग्रेगोरच्या बाजूचे. कोपरा नसणं ही त्यांची अडचण नव्हेच.

ग्रेगोर मेल्यावर घरचे ट्रामने फिरायला निघतात. तिघांच्या नोकऱ्यांचा हिशेब बरा जुळतो आणि बेत ठरतो: आता घर लहान घ्यायचं, स्वस्त, पण मोक्याच्या जागी. काफ्काला काशीगावची मेट्रो नऊ ठाऊक नव्हती. बाकी जाहिरात तीच.