संबंध कोठे राहतो?

कासारवाडीतील आमच्या घरी तीन संगणक आहेत. पैकी दोन जुने विकत घेतलेले, आणि तिसरा इतका वृद्ध की कागदपत्रांचे व छायाचित्रांचे दफ्तर सांभाळण्याखेरीज त्याला दुसरे काम सांगवत नाही. हे तिन्ही एकमेकांस जोडावेत, दफ्तर घरातील सर्वांना कोणत्याही खोलीतून उघडता यावे, आणि एकंदर खर्च तीन हजारांवर जाऊ नये, अशी तजवीज पुतण्याने व मी मिळून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत केली. राउटर इंटरनेटच्या जोडणीबरोबर आलेलाच होता, पाच तोंडांचा स्विच ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. सबब खर्चाची मुख्य बाब उरली ती तारेची. येथे मात्र काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बाजारात स्वस्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅन केबलींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. पात्याने खरवडले की आतून पांढरा धातू दिसतो, आणि चार वेळा वाकवली की तार तुटते. ज्या वस्तीच्या नावातच कासार आहे तेथे राहणाऱ्याने धातूची एवढी पारख तरी करावी. तपकीर गल्लीतून अस्सल तांब्याची वीस मीटर केबल आणली, आणि क्रिंपिंगचे हत्यार शेजाऱ्यांकडून दोन दिवसांसाठी मागून घेतले.

वरचे आवरण बोटभर सोलले की आत आठ बारीक तारा दिसतात, दोनदोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीसोबत त्याच रंगाचा पट्टा असलेली तिची पांढरी जोडीदारीण. पुतण्याने त्या उलगडून, जोडीला जोडी लावून, डोळ्यांना अगदी सुबक दिसेल अशा क्रमाने कनेक्टरात बसवल्या. दुसऱ्या टोकासही तोच क्रम ठेवला. टेस्टर लावताच एक ते आठ दिवे ओळीने उजळले. परंतु संगणक जोडले तो काय, जोडणी क्षणभर लागे आणि सुटे; छायाचित्रांची फाईल पाठवावी तर ती पाचसहा टक्क्यांवर अडून बसे, आणि शेजारच्या कारखान्यातील लेथ सुरू झाला की तेवढेही होत नसे. “काका, आठही दिवे लागतायत. प्रत्येक तार पोचलीय. मग अडतंय कुठं?” तो वैतागून म्हणाला. त्याच्या या प्रश्नाने मला एका फार जुन्या वादाची आठवण झाली.

दोन वस्तू संबद्ध आहेत असे आपण म्हणतो तेव्हा त्या दोहोंखेरीज ‘संबंध’ नावाचे आणखी काही जगात असते काय, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके लढवला आहे. वैशेषिकांनी उत्तर होकारार्थी दिले: विलग होऊ शकणाऱ्या द्रव्यांचा जो संबंध तो संयोग, त्याची गणना त्यांनी गुणांत केली, आणि तंतू व पट यांच्यासारखा जो अविभाज्य तो समवाय, त्यास स्वतंत्र पदार्थाचाच दर्जा दिला. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात यावर आक्षेप घेतला की, दोघांना जोडण्यास समवाय लागत असेल तर त्या समवायास दोघांशी जोडण्यास दुसरा समवाय लागेल, त्याला तिसरा, आणि या अनवस्थेला अंत राहणार नाही. बौद्ध धर्मकीर्तीने ‘संबंधपरीक्षा’ लिहून संबंध हा बुद्धीने कल्पिलेला ठरवला. मध्ये तिसरे काही असलेच पाहिजे ही तहान पाश्चात्य पदार्थविज्ञानालाही होती: प्रकाशाच्या वहनासाठी त्यांनी ईथर मानला, १८८७ साली मायकेल्सन आणि मोर्ले यांना त्याचा मागमूसही लागला नाही, आणि तरी १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांनी संगणक जोडण्याच्या आपल्या पद्धतीस त्याच ईथरवरून ‘इथरनेट’ हे नाव दिले.

आमच्या केबलीत संदेश कोणत्या तारेत होता? एकीवरील विद्युत्दाब जेवढा चढतो तेवढाच तिच्या जोडीदारणीवरचा उतरतो, आणि पलीकडचे यंत्र वाचते ते या दोहोंतील अंतर. लेथच्या मोटरचा उपद्रव पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून अंतर काढताना तो आपोआप वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ सालीच टेलिफोनसाठी नोंदवली होती. आता कनेक्टरातील तिसरी व सहावी जागा एकाच जोडीसाठी राखलेली असते. पुतण्याच्या सुबक क्रमात तिसऱ्या जागी हिरव्या जोडीतील तार आली आणि सहाव्या जागी निळ्या जोडीतील. तारा आठही अखंड होत्या. जोडी मात्र फुटली होती.

नैयायिकांनी अशा धर्मास ‘व्यासज्यवृत्ति’ असे नाव दिले आहे, म्हणजे जो एकेका आश्रयात पुरा राहत नाही, सर्वांत मिळूनच राहतो. द्वित्व हे त्याचे ठरलेले उदाहरण. दोन आंब्यांतील ‘दोनपण’ या आंब्यात नाही, त्या आंब्यात नाही, आणि दोहोंच्या मध्ये ठेवलेली ती तिसरी वस्तूही नव्हे. संबंध असा राहत असेल तर आचार्यांची अनवस्था त्याला बाधत नाही असे मला वाटते, कारण जोडण्यासाठी तिसरे कोणी उरतच नाही. धर्मकीर्तीचे म्हणणे मात्र तितक्या सहजासहजी निकालात निघत नाही. निव्वळ कल्पना मोडल्याने फाईल अडत नाही हे खरे. परंतु द्वित्व हे पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीने उत्पन्न होते असे नैयायिकच सांगतात, आणि अंतर काढणारे यंत्र पलीकडे नसेल तर पिळलेल्या तारांतही संदेश असा वेगळा दाखवता येणार नाही. या ठिकाणी माझी मती अद्याप थांबलेली आहे.

आळंदीस ज्यांची समाधी आहे त्या ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिवशक्तीच्या दांपत्यास वंदन केले, ते दोघांपैकी एकास वेगळे काढू न देता केले, हे मी अलीकडे अधिक लक्षपूर्वक वाचू लागलो आहे. आषाढी वारीस तुकोबांची पालखी आमच्या वस्तीजवळच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाते. उन्हातान्हात चालणारी ती माणसे पाहताना, भक्ती चालणाऱ्यात आहे की पंढरीत उभ्या असलेल्यात, असा प्रश्न पूर्वी मला पडे. आता तो त्या शब्दांत विचारवत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टोके कापून पुन्हा बसवली: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू दिला नाही. लेथ चालू असतानाच फाईल सरळ पुढे गेली, आणि पुतण्याने पुन्हा एकवार खात्रीसाठी टेस्टर लावून पाहिला, तेव्हा आदल्या दिवशीसारखेच, एक ते आठ, सारे दिवे ओळीने उजळले.