आतले सगळे भाग मूळचेच आहेत का?

बाबांचं घड्याळ विकायला काढलं, तेव्हा घेणाऱ्यानं मला एकच प्रश्न विचारला: "आतले सगळे भाग मूळचेच आहेत ना?" तुम्हाला वाटेल, यात काय, उत्तर 'हो' किंवा 'नाही'. मी मॅसॅच्युसेट्समध्ये पोस्टडॉक करते, दिवसभर मोजमापं घेण्याचंच काम. तरी या प्रश्नानं माझे तीन आठवडे खाल्ले.

घड्याळ सीकोचं, ६१३९ जातीचं क्रोनोग्राफ. म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं. दोनच्या बाजूचं बटण दाबलं की सेकंदाचा मोठा काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, चारच्या बाजूचं दाबलं की शून्यावर परततो. १९६९ साली आलेलं हे यंत्र जगातल्या पहिल्या स्वयंचलित क्रोनोग्राफांपैकी एक. अंतराळवीर विल्यम पोग १९७३ मध्ये स्कायलॅबवर गेले ते या जातीचं स्वतःचं घड्याळ घेऊन, म्हणून इथले संग्राहक पिवळ्या तबकडीच्या या घड्याळाला 'पोग'च म्हणतात. आमचं काकांनी कुवेतहून आणलं आणि धाकट्या भावाच्या मनगटावर बांधलं. पोग कोण, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तपासणी झाकणापासून सुरू होते. मागच्या झाकणावरच्या क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. आमचा क्रमांक ६३ नं सुरू होतो. हे यंत्र १९६६ मध्ये नव्हतंच, म्हणजे मार्च १९७६. मग तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांतला क्रमांक त्या मॉडेलला शोभतो का, ते भिंगातून पाहायचं. स्क्रूच्या खाचा ओरबाडल्या आहेत का, चाकांची झीज सारखी आहे का, मोठा काटा बरोबर शून्यावर येतो का, हेही.

शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या घड्याळजींनी झाकण उघडलं आणि दहा मिनिटांत निकाल दिला. तबकडी पुन्हा रंगवलेली, तळाचा क्रमांक रंगाखाली गेलेला. मोठा काटा नंतर कुणीतरी बनवलेला. आतलं एक चाक दुसऱ्या घड्याळातलं, आजूबाजूच्या भागांइतकं झिजलेलं नाही. अशा घड्याळांना संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे त्यांनी जरा संकोचानंच सांगितलं. शब्द लागला. पण झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या तीन तारखा होत्या. दुरुस्ती करणारे अशी खूण ठेवतात. त्यातली एक १९९४ ची. त्या वर्षी बाबा स्कूटरवरून पडले होते. मी पाच वर्षांची होते, त्यांचा प्लॅस्टरमधला डावा हात मला आठवतो. घड्याळ त्याच हातात असायचं.

घड्याळजींनी उपायही सुचवला. त्याच सालचं एक मोडीत निघालेलं घड्याळ घ्यायचं, त्याची तबकडी, काटा आणि चाक यात बसवायचं. मग प्रत्येक भाग सीकोचा, १९७६ चा. विचारलं तर खुशाल 'हो' म्हणा, किंमतही वाढेल. आता सांगा, यात खोटं काय?

मिलिंद राजाला भिक्खू नागसेनांनी विचारलं होतं की रथ म्हणजे आस का, चाकं का, की जू? एकही भाग म्हणजे रथ नव्हे. पण नागसेनांना रथ विकायचा नव्हता. माझी अडचण त्यापुढची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर तीस लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. २०२३ मध्ये खुद्द ओमेगानंच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं होतं. त्यात अस्सल जुने भाग होते. खोटी होती ती त्यांनी मिळून सांगितलेली गोष्ट. मला सुचवलेला उपाय आकारानं लहान, पण जात तीच.

म्हणून संग्राहकाचा प्रश्न मला फालतू वाटत नाही. कारखान्यातून नेमकं काय बाहेर पडलं, हे त्याला कळायला हवं असतं, आणि न छेडलेलं घड्याळ हा त्याचा पुरावा असतो. पण भाग बदलला म्हणजे घड्याळ बाटलं, हेही खरं नाही. आमच्याकडून जवळच, चार्ल्स नदीकाठी वॉल्थमचा जुना घड्याळ कारखाना आहे. पूर्वी एकेक भाग कानशीनं घासून त्या त्या घड्याळापुरता बसवत. वॉल्थमला १८५४ पासून एकाच मापाचे, एकमेकांच्या जागी चालतील असे भाग यंत्रावर करण्याचा ध्यास घेतला गेला, आणि पुढे जगानं ती रीत उचलली. म्हणजे असा भाग जन्मालाच येतो तो बदलता यावा म्हणून.

दोष मग बदलण्यात नाही, लपवण्यात आहे. प्रयोगशाळेच्या वहीत आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. झाकणाच्या आत सुईनं तारीख कोरणारा तो अनोळखी माणूस हेच करत होता. तबकडी रंगवणाऱ्यानं तळाचा क्रमांक बुजवला, तिथे मात्र तो चुकला. दोघं एकच असतील, तरीही. आणि मोडीतल्या घड्याळाचे भाग बसवले असते, तर १९९४ ची रेघ मी स्वतः खोडली असती.

घेणाऱ्याला मी सगळी यादी लिहून पाठवली. त्यानं निम्मी किंमत सांगितली. मी विकलं नाही. त्यात मोठेपणा काही नाही, निम्म्यात द्यायला जीव होईना, इतकंच.

तुमच्याही कपाटात असं एखादं घड्याळ, हार्मोनियम किंवा मोडून पुन्हा घडवलेली बांगडी असेल. केव्हा, कुणी, काय बदललं ते आठवतंय तोवर कागदावर लिहा आणि वस्तूसोबत ठेवा. पुढच्या माणसाला निदान खरं उत्तर देता येईल.

घड्याळाची साफसफाई करून घेतली. तबकडी तीच, काटा तोच. परत घेताना घड्याळजींना विनंती केली, तेव्हा ते हसले आणि झाकणाच्या आत, त्या तीन तारखांच्या खाली, त्यांनी चौथी कोरली.