'चालतंय' म्हणण्याची जबाबदारी

गेल्या वर्षी मी आईला फोनवर सांगितलं की शेजाऱ्याला दारू मोजायच्या यंत्रात मदत करतोय. पलीकडे बराच वेळ शांतता. मग समजावून सांगावं लागलं की ही बंदुकीची दारू. त्यानंतरची शांतता जरा जास्तच लांबली.

मी टेक्सासमध्ये राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची. शेजारी पन्नाशीचा, शनिवारी मुलीला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर जातो आणि काडतुसं घरीच भरतो. भारतात हे परवान्याशिवाय करता येत नाही. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, त्यात नवा प्रायमर, मग मोजून पावडर आणि वर गोळी. हे सगळं एका प्रेसवर होतं. हँडल ओढलं की प्रत्येक पुंगळी एक घर पुढे सरकते.

या छंदात कंपन्या रंगावरून ओळखतात. शेजाऱ्याचा प्रेस लाल होता आणि पावडर मोजायचं यंत्र त्याला निळं आवडलं होतं. दोन्हीकडचे आटे जुळत होते, त्यामुळे यंत्र प्रेसवर बसलं. अडचण वेगळीच होती. या यंत्रात एक सरकपट्टी असते. पुंगळी खालून वर दाबली जाते तेव्हा पट्टी सरकते आणि तिच्या खाचेतली पावडर खाली पडते. पुंगळी उतरली की पट्टीने मागे येऊन पुन्हा भरून घ्यायचं. तिला मागे आणायला निळ्या प्रेसला एक दांडी जोडलेली असते. लाल प्रेसवर त्या दांडीला जागाच नव्हती.

मी हसलो. माझं निम्मं आयुष्य एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन सिस्टिम जोडण्यात जातं. मोजमापं घेतली, थ्रीडी प्रिंटरवर एक ब्रॅकेट छापला आणि दांडीऐवजी स्प्रिंग लावली. ५० वेळा चालवून पाहिलं, प्रत्येक वेळी पावडर काट्यावर तोलली. शेजाऱ्याचं माप होतं पाचेक ग्रेन. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन आणि ९६ गुंजा, म्हणजे हे माप तीन गुंजांहूनही कमी. वजनं छान येत होती.

फक्त एकदा, तिशीच्या आसपास कधीतरी, पट्टी मध्येच अडली. मी बोटाने ढकलली, ती मागे गेली. पुढच्या सगळ्या वेळा सुरळीत. शेजारी कॉफी आणायला आत गेला होता. तो आला तेव्हा मी म्हणालो, "चालतंय."

खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नाही. ऑफिसात एखादी टेस्ट एकदा फेल होते, पुन्हा चालवली की पास होते, आणि आपण कोड पुढे ढकलतो. तसंच.

दोन आठवड्यांनी तो खुशीत सांगत आला की ३०० काडतुसं भरून झाली, शनिवारी मुलीला नेतोय. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. पट्टी मागे आली नाही तर पुढच्या पुंगळीत पावडर पडत नाही. असं काडतूस उडवलं तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकते. आवाज फुसका येतो. तो ओळखून थांबलं तर ठीक. न ओळखता पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते, हातात.

रात्री त्याचं दार वाजवलं आणि सांगितलं. तो चिडला नाही. एवढंच विचारलं, "किती वेळा?" एकदा, म्हणालो. भरलेली काडतुसं तोलून वाईट एक शोधता येईल का, असं मी विचारलं. त्याने मान हलवली. गोळी ११५ ग्रेनची, पुंगळी साधारण ६०ची, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांतच काही ग्रेनचा फरक. त्यात पाच ग्रेन हरवून जातात.

मग मला टोचत असलेलं मी विचारलं. प्रत्येक पुंगळीत डोकावून पावडर बघायची, हा तर या छंदातला पहिला नियम. तू बघत नव्हतास? तो म्हणाला, "सुरुवातीला बघत होतो. मग वाटलं, इंजिनिअरने तपासलंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही ती या वाक्यामुळे. तोवर मी समजत होतो की मी एक माहिती लपवली. खरं तर मी त्याच्याकडून काहीतरी काढूनही घेतलं होतं. माझ्या एका शब्दावर त्याची सावधगिरी सैल झाली. दोन्ही कंपन्यांना दोष देता येत नव्हता, दोन्ही यंत्रं आपापल्या घरी नीट चालत होती. १९९६ साली आरिआन ५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झालं, त्यातही आरिआन ४साठी लिहिलेला कोड तसाच घेतला होता. जुन्या रॉकेटवर तो व्यवस्थित चालत होता. नव्याचा वेग जास्त, आकडा १६ बिटांत मावला नाही. असा दोष कुठल्याही एका भागात सापडत नाही. तो असतो जोडावर, आणि माझ्या जोडाच्या दोन्ही बाजू मी एकट्याने पाहिल्या होत्या.

तीन संध्याकाळी आम्ही ती ३०० काडतुसं एकेक करून हातोडीसारख्या अवजाराने आपटून उघडली. पावडर ओतायची, तोलायची, पुढचं घ्यायचं. शेवटचं उघडलं तेव्हा कळलं, एकही वाईट नव्हतं.

म्हणजे मी उगाच घाबरलो का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली याच प्रश्नाला 'मॉरल लक' असं नाव देऊन चर्चा केली. नेगेलचं उदाहरण असं: दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची गाडी फुटपाथवर चढते. तिथे कुणी नसेल तर तो सुटतो, कुणी असेल तर मरणाचा दोषी ठरतो. त्याने केलेलं मात्र दोन्ही वेळा तेच. कुणी मेल्यावर जग त्याला जास्त दोष देतं हे मला कळतं, मीही देईन. पण स्वतःचा हिशोब करताना निकालाकडे बघणं मला पटत नाही. ३०० काडतुसं चांगली निघाली हे स्प्रिंगचं कर्तृत्व. माझ्या 'चालतंय'चं वजन शनिवारी काहीही घडलं असतं तरी तेवढंच होतं.

बंदुकांबद्दल माझं मत बदललेलं नाही. मुळात मदतच करायला नको होती, असं आईचं म्हणणं. असेल. पण मदत केली की ती पूर्ण करावी लागते, आणि आपल्याला काय काय दिसलं ते सांगणं हा तिचाच भाग आहे.

मागच्या आठवड्यात ऑफिसात एक टेस्ट एकदा फेल झाली, पुन्हा चालवल्यावर पास. मी रिव्ह्यूमध्ये एक ओळ लिहिली: एकदा अडलं होतं, कारण कळलेलं नाही. रिलीज अर्धा दिवस लांबला आणि एक सहकारी वैतागला. कारण अजून सापडलेलं नाही.