बोटं हलव बरं

आमच्या देगलूरकडं कुणाचा हात मोडला की बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. कुणी बिस्किटाचा पुडा आणतं, कुणी घरचं दूध. प्रश्न ठरलेले. कसा पडला? चिंचेवरून का गाडीवरून? नांदेडला नेलं का इथंच बांधलं? जाताना पट्टीवरून हात फिरवून म्हणायचं, "चांगलं घट्ट बांधलंय." एवढ्या मायेत एक प्रश्न मात्र राहून जातो. बोटं हलतात का?

घट्ट म्हणजे पक्कं, ही आपली जुनी समजूत. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यविशारदानं १८८१ मध्येच तिचा धोका सांगितला होता. हाड मोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सूज वाढतच असते. सकाळी बेताची वाटलेली पट्टी रात्री काचायला लागते. आतल्या स्नायूंना रक्त पोचत नाही. असे काही तास गेले तरी स्नायू मरतात, आखडतात. मग मनगट वाकतं, बोटं आत वळतात आणि तशीच राहतात. हाड जुळतं, पण हात कामातून जातो. बांबूच्या कांबट्या असोत की दवाखान्यातलं प्लास्टर, दोन्हीत हे होऊ शकतं. एकट्या हाडवैद्याच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. गोळी देऊनही कळ वाढतेय, बोट हळूच सरळ केलं तरी लेकरू किंचाळतंय, बोटं बधिर, गार, पांढरी किंवा निळी पडलीत, अशा वेळी उजाडायची वाट पाहू नये. नाडी लागतेय म्हणून निर्धास्तही राहू नये. पट्टी असेल तर लगेच सैल करावी. प्लास्टर असो की पट्टी, १०८ ला फोन करून रात्रीच दवाखाना गाठावा.

खरा घात करतं ते आपलं एक वाक्य: "हाड मोडलंय, दुखणारच की." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट धीरच द्यायचा असतो. पण त्या धीरानं लेकराचं सांगणं तिथंच थांबतं. घरातही आपण भल्यासाठीच किती गोष्टी बांधून देतो. पोराला पहाटेची शिकवणी लावतो, गावाकडच्या आईला शहरातल्या खोलीत आणून ठेवतो. सुरुवातीला कुरकुर ऐकू येते, तेव्हा म्हणतो, "होईल सवय." बऱ्याचदा होतेही. तरी आठवड्याभरानं जवळ बसून, काही काचतंय का, एवढं विचारायला काय हरकत आहे? उत्तर आलं तर गाठ थोडी सोडावी लागेल, म्हणून तर आपण विचारायचं टाळत नाही ना?

प्लास्टर निघालं की बघायला येणारे थांबतात, पण विचारपूस तेव्हाही हवी असते. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं. त्यातलं एक दुसऱ्याभोवती फिरतं म्हणून तळवा वर-खाली होतो. ती वाकडी जुळली तर तीर्थ घ्यायला तळवा पुरता पसरत नाही. लहान मुलांत थोडा बाक वाढीबरोबर सरळ होतो, पीळ मात्र आपोआप जात नाही. तो डॉक्टरांना दाखवावा, कधी शस्त्रक्रियाही लागते. नुसता ताठरपणा असेल तर डॉक्टरांना विचारून रोज व्यायाम करून घ्यावा. कोपर बरगडीला टेकवायचं आणि तळवा हळूहळू वर, मग खाली फिरवायचा. तेल लावून जोरानं चोळू नये, ओढूनताणून सरळ करायला जाऊ नये. जेवढं वळतं तेवढं त्याचं त्याला वळवू द्यावं.