आसनाचें सुख

ध्यानासाठीं बसणाऱ्या माणसानें आसन मऊ घ्यावें कीं कठीण घ्यावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं इतका क्षुल्लक वाटतो कीं, त्यावर लेख लिहूं पाहणाऱ्यास वाचकांनीं हंसावें हें स्वाभाविक आहे. ज्यास आत्म्याचा शोध करावयाचा आहे त्यानें गादीचा विचार करावा काय, असें कोणीही विचारील. परंतु लहान दिसणाऱ्या प्रश्नांच्या पोटांत कित्येकदां मोठे प्रश्न दडलेले असतात. शरीरास दिलेलें सुख हें साधनेंतील विघ्न आहे कीं साधनेची पहिली अट आहे, हा तो मोठा प्रश्न होय; आणि त्याचें उत्तर आपण काय देतों यावर केवळ आपली उपासनाच नव्हे, तर घरांतील वृद्धांशीं व मुलांशीं आपलें वर्तनही अवलंबून असतें.

हल्लीं हा प्रश्न जपानी गिरदीच्या निमित्तानें आपल्या दारीं आला आहे. जपानांतील झेन पंथाचे साधक ज्या वाटोळ्या, चुण्या घातलेल्या गिरदीवर बसतात तिला झाफू म्हणतात, व तिच्याखालीं जी चौकोनी पातळ गादी अंथरतात तिला झाबुतोन म्हणतात. झाफू या नांवांतील पहिल्या अक्षराचा अर्थ बसणें असा असून दुसऱ्याचा अर्थ पाणकणीस असा आहे. त्यावरून मूळची गिरदी कशाची असावी याचा बोध होतो. आतां तींत सावरीच्या कापसासारखा हलका कापूस किंवा कुट्टूच्या दाण्यांचीं टरफलें भरतात. तेराव्या शतकांतील थोर झेन आचार्य दोगेन (१२००–१२५३) यांनीं बसण्याच्या विधीविषयीं लिहितांना या गिरदीचाही विचार केला आहे. गिरदी मांडीखालीं सर्वत्र पसरूं नये, ती केवळ मागील अर्ध्या भागाखालीं असावी, म्हणजे गुडघे खालच्या गादीवर टेकतात व पाठीचा कणा गिरदीवर उभा राहतो, असें त्यांच्या सांगण्याचें तात्पर्य आहे. यांत गूढ असें कांहीं नाहीं. बैठक गुडघ्यांहून थोडी उंच झाली म्हणजे कमरेचें हाड पुढें कलतें, कण्याचा नैसर्गिक बांक टिकतो, आणि शरीराचा भार दोन गुडघे व बैठक अशा तीन ठिकाणीं वांटला जातो. तिवईस तीन पाय कां असतात हें ज्यास समजलें, त्यास झाफूचें शास्त्र समजलें.

आम्हां खानदेशच्या लोकांस कापसाच्या गादीचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. एरंडोलच्या आसपासच्या काळ्या जमिनींत कापूस पिकतो, आणि दारोदार फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज ज्यांनीं ऐकला आहे अशीं माणसें येथें अजून घरोघर आहेत. जपानशीं तर कापसाचें नातें फार जुनें आहे. १८९३ सालीं जपानच्या एका कंपनीनें मुंबईस नियमित आगबोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसाच्या गांठींसाठीं. तथापि आपल्या घरांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गादी व लोड आपण ठेवले ते पेढीवर, गाण्याच्या बैठकींत, जांवयाच्या पंगतीमागें. देवघरांत मात्र पाट, दर्भासन किंवा फार झालें तर घोंगडीची घडी. व्यवहारास व मानपानास मऊ, आणि देवास कठीण, अशी ही वांटणी आपण कोणी सांगितल्यावांचूनच करून टाकली. तिच्यांतूनच, देवापुढें शरीरास जितका त्रास द्यावा तितकी भक्ति अधिक, ही समजूत हळूहळू दृढ झाली असावी.

ही समजूत शास्त्राची नव्हे. पतंजलींनीं आसनाची व्याख्या करतांना दोनच लक्षणें सांगितलीं, स्थैर्य आणि सुख; कष्ट हें लक्षण त्यांनीं सांगितलें नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आसन फार उंच नसावें व फार नीचही नसावें असें सांगून, दर्भ, मृगाजिन व वस्त्र यांचे थर एकावर एक घालण्यास सांगितलें आहे. गवतानें जमिनीची ओल अडते, अजिनानें थंडी अडते, वस्त्रानें बोचणें थांबतें. हाहि एक प्रकारचा झाबुतोनच होय. अति खाणाऱ्यास योग साधत नाहीं तसाच मुळींच न खाणाऱ्यासही साधत नाहीं, असें त्याच अध्यायांत पुढें म्हटलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, खऱ्या विरक्तांनीं असले लाड केले नाहींत. आमच्या जळगांवाहून अगदीं जवळ असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन पहा, भिक्षु दगडावर निजत असत. हा आक्षेप योग्य आहे, म्हणून तो दगडच नीट पाहूं. अजिंठ्याच्या बाराव्या क्रमांकाच्या प्राचीन विहारांत लहान लहान खोल्या असून त्यांत दगडी ओटे कोरलेले आहेत. आणि त्या ओट्यांस उशाकडे दगडाचाच उंचवटा ठेवलेला आहे. ज्यांनीं सर्वस्वाचा त्याग केला त्यांच्यासाठीं खोदकाम करणाऱ्या कारागिरानें मानेखालीं काय लागतें याचा विचार केला, आणि भिक्षूंनीं तो नाकारला नाहीं. वैराग्य आणि देहाची जाण यांत विरोध आहे असें त्या लेण्याच्या कर्त्यांस तरी वाटलें नव्हतें.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण जपानांतच आहे. झेन पंथाचे आद्य आचार्य बोधिधर्म हे परंपरेप्रमाणें दक्षिण हिंदुस्थानांतून चीनमध्यें गेले व भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षें बसले. तेव्हां त्यांचे पाय झडून गेले अशी दंतकथा आहे. जपानी लोकांनीं त्या कथेवरून दारुमा नांवाची बिनपायांची बाहुली केली. ती ढकलली तरी पुन्हां उभी राहते, म्हणून चिकाटीचें प्रतीक म्हणून ती घरोघर ठेवतात. चिकाटीचा हा गौरव आम्हांस मान्य आहे. पण ज्या परंपरेनें ही कथा जपली तिनेंच साधकाच्या बैठकीखालीं गिरदी दिली, हेंही विसरूं नये. पूज्य कथा आणि रोजचा आचार यांत तिनें भेद केला. आपण पुष्कळदां तो करीत नाहीं.

तो न केल्याचा परिणाम दुर्बळांस भोगावा लागतो. ज्यांचे गुडघे वयानें गेले आहेत अशा कितीतरी स्त्रिया कीर्तनांत खुर्ची मागण्यास संकोचतात, आणि शेवटीं कीर्तनास येणेंच सोडतात. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीसमोर क्षणभर टेकण्यास जागा शोधणारा वृद्ध आपल्या थकव्याची जणूं क्षमा मागत असतो. ध्यानास बसविलेलें मूल चुळबूळ करूं लागलें कीं, त्याच्या पायास मुंग्या आल्या असतील हें मनांत न आणतां आपण त्यास चंचल ठरवितों. कठोरपणा हा असा विलक्षण सद्गुण आहे कीं, तो आपण स्वतःपेक्षां दुसऱ्यांकडूनच अधिक अपेक्षितों. शिवाय कठीण आसनावर बसणाऱ्याचें लक्ष कोठें असतें? बहुधा आपल्या गुडघ्याकडे, आणि तें तेथून सुटलें तर आपल्या सहनशक्तीच्या अभिमानाकडे. देहास त्रास देणें म्हणजे देहास विसरणें नव्हे.

मग सुखास मर्यादा कोणती? आज गिरदीचा बाजारही मोठा झाला आहे. भिंतीच्या रंगास शोभेल असें कापड, ऋतूप्रमाणें बदलावयाचीं आवरणें, असा क्रम एकदां सुरू झाला म्हणजे आसन सजविण्यांतच दिवस जातो व त्यावर बसणें राहून जातें. आमच्या मतें कसोटी एकच आहे: बसल्यावर आसनाची आठवण राहते काय? फार कठीण आसन बोचून आठवण देतें, फार मूल्यवान आसन मिरवून आठवण देतें. जें आसन विसरतां येतें तें योग्य. ज्यास घोंगडीच्या घडीवर हें साधतें त्यास जपानी गिरदीचें प्रयोजन नाहीं, आणि ज्यास खुर्चीवांचून साधत नाहीं त्याची खुर्ची दर्भासनाइतकीच पवित्र आहे.

विचाराच्या क्षेत्रांत हेंच तत्त्व आमच्या शेजारीं, अमळनेरास, आचरणांत आलें होतें. कापडाच्या गिरणीचे धनी श्रीमंत प्रतापशेट यांनीं १९१६ सालीं तेथें तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें. तत्त्वचिंतन करूं इच्छिणाऱ्यांस राहण्याची सोय व विद्यावेतन देऊन पोटाच्या काळजींतून मोकळें करावें, ही त्यामागील योजना होती. साने गुरुजीही कांहीं काळ तेथें होते. विद्वानांस हें वेतन म्हणजे ऐषआराम नव्हता. चित्त स्थिर व्हावें म्हणून दिलेलें तें आसनच होतें. पण तें आसन कापसाचें होतें. तो कापूस कोणीतरी उन्हांत दिवसभर वांकून वेंचला होता, कोणीतरी गिरणींत उभें राहून कांतला होता. आणि त्यांस बसावयास कोणी सांगितलें नव्हतें.

म्हणून सुखाचा विचार ऋणाच्या विचारावांचून पुरा होत नाहीं. गौतमानें उग्र तपाचा मार्ग सोडला व बोधिवृक्षाखालीं तो बसावयास निघाला, तेव्हां वाटेंत भेटलेल्या एका गवत कापणाऱ्यानें त्यास मूठ मूठ गवत दिलें, अशी बौद्ध परंपरेंतील कथा आहे. तें गवत पसरून तो बसला. ज्या आसनावर त्यास बोध झाला तें आसन त्याचें स्वतःचें नव्हतें, एका श्रमिकाचें दान होतें. आणि बोध झाल्यावर तो त्यावर बसून राहिला नाहीं, उठून लोकांत गेला. आसनाचें सुख निःशंक मनानें घ्यावें. परंतु उठल्यावर आपल्या घरांत व आपल्या गांवांत कोण अजून उभें आहे, हें पाहण्यास विसरूं नये.