मॉनिटर कोण नेमतो?

दहावीला इतिहासाच्या जोडीने राज्यशास्त्र असते. ४० गुणांच्या पेपरात त्याच्या वाट्याला १२ गुण येतात. धडे पाचच. आदल्या रात्री गाइड चाळले तरी भागते, अशी त्याची ख्याती.

पुस्तक मात्र वाईट नाही. निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीपुढची आव्हाने, सगळे त्यात आहे. चळवळ का उभी राहते हे आपण पंधरा वर्षांच्या मुलीला रीतसर शिकवतो. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून तिने मैत्रिणींच्या सह्या घेऊन मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला तर? बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येईल, ‘हे तुला कोणी शिकवलं?’ ‘तुम्हीच, सर,’ हे खरे उत्तर. ते द्यायची तिची छाती होणार नाही.

मॉनिटरचेच पाहा. तो शिक्षक नेमतात. हुशार तरी असतो, नाही तर दांडगा. बोलणाऱ्यांची नावे तो ज्या फळ्यावर लिहितो, त्याच फळ्यावर पुढच्या तासाला निवडणुकीचा धडा होतो. गंमत म्हणजे मतदार याद्यांपासून मतदान केंद्रापर्यंत देशाची निवडणूक याच शिक्षकांच्या जिवावर पार पडते. त्यांच्या स्वतःच्या वर्गात मात्र मतपेटी क्वचितच येते. दोष एकट्या शिक्षकांचा नाही. प्रश्न विचारणारे मूल घरी तरी कुणाला परवडते?

इंग्लंडमध्ये बर्नार्ड क्रिक यांच्या समितीने १९९८ साली अहवाल दिला आणि २००२ पासून नागरिकत्व हा तिथल्या माध्यमिक शाळांत सक्तीचा विषय झाला. सोळाव्या वर्षी जी मुले त्याची परीक्षा देतात, त्यांना एखादा सार्वजनिक प्रश्न निवडून त्यावर प्रत्यक्ष काही करावे लागते आणि त्याविषयी पेपरात लिहावे लागते. तिथेही सगळे आलबेल नाही. २०१८ मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने या विषयाची परवड स्पष्ट शब्दांत मांडली. तरीही ‘केलेस काय?’ हा प्रश्न तिथे परीक्षेतच आहे.

आपण मुलांना ‘उद्याचे नागरिक’ म्हणून आजचा दिवस ढकलतो. मतदानाला अठरा वर्षे लागतात, हे खरे. पण २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हक्क ‘सर्व नागरिकांना’ दिला, वयाची अट घातली नाही. आठवीतल्या मुलालाही दहा रुपये भरून पंचायतीला जाब विचारता येतो, आणि उत्तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत द्यावे लागते.

त्या मुलींच्या अर्जाला अशी मुदत नाही. शाळांनी ती स्वतःच घालून घ्यावी: पंधरा दिवस, उत्तर लेखी, आणि नकार द्यायचा असेल तर कारणासह.