चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. 1980 साली 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशातल्या खेड्यांत घरोघर जाऊ लागल्या, त्या मुख्यतः जुलाबांवरचे एवढेच औषध शिकवायला. औषध नवे नव्हते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे द्रावण पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आले. प्रश्न होता तो हे पाणी घरच्या घरी बिनचूक बनवायला आईला शिकवायचे कसे, एवढाच. मीठ जास्त पडले तर तान्ह्या जिवाला धोका, म्हणून 'बिनचूक' महत्त्वाचे.

ब्रॅकने तक्ते, पुस्तिका यांवर भिस्त ठेवली नाही. कार्यकर्ती आईसमोर द्रावण बनवी, मग आईकडून बनवून घेई. घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देई. लक्षात ठेवायचे मुद्दे आधी दहा होते. दहा कोणाच्याच लक्षात राहत नाहीत हे कळल्यावर ते सातावर आणले.

खरी मेख पगारात होती. महिनाभराने दुसराच माणूस येऊन काही निवडक घरांतल्या आयांना विचारी: काय आठवते? द्रावण करून दाखवा. आईच्या उत्तरांवर शिकवणारीची कमाई ठरे; आई विसरली असेल तर त्या घराचे पैसे बुडत. शिकणाऱ्याच्या परीक्षेत शिकवणाऱ्याला नापास करणारी ही पद्धत आपल्या कित्येक गुरुजनांना मानवणार नाही.

एवढे करूनही एक धक्का बसलाच. आयांना सगळे तोंडपाठ, पण मूल आजारी पडले की द्रावण देणाऱ्या थोड्याच. चौकशीत दिसले की गावकरी जुलाबांचे चार प्रकार मानत. 'डायरिया' हे नाव ते फक्त पटकीसारख्या जीवघेण्या प्रकाराला देत, आणि द्रावणही त्यालाच. दुधाने बिघडलेल्या पोटासाठी किंवा आवेसाठी हे पाणी आहे, असे त्यांना वाटलेच नव्हते. शिवाय शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता! मग कार्यकर्त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन द्रावणाचे काम कसे चालते ते दाखवले. शिकवता शिकवता त्या स्वतः घोट घेऊ लागल्या. पुरुषांना वगळून चालत नाही हेही ध्यानात आले आणि बाजारात, मशिदीत बैठका सुरू झाल्या. 1990 पर्यंत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत ही शिकवण पोचली.

महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात शिकवणारी बाहेरून आणलीच नाही; गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्यसेविका केले. सांगणारी शेजारीणच असली की गावात 'डायरिया' कशाला म्हणतात ते तिला आधीच ठाऊक असते, हा त्यातला मोठा फायदा.

जुलाब टाळावेत म्हणून आपल्याकडे दरवर्षी 15 ऑक्टोबरला हात धुण्याचा दिवस साजरा होतो. फोटो निघतात, हजेरीपटावर सह्या होतात. आशाताई दारोदार याच द्रावणाची, म्हणजे ओआरएसची, पाकिटे पोचवतात, आणि त्यांचा बराचसा मोबदला कामागणिक ठरतो. त्या कामांत 'महिन्याने आईला काय आठवते' ही एक ओळ वाढवायची तर ती तपासायला वेगळी माणसे नेमावी लागतील, त्यांचा खर्च येईल. ब्रॅकलाही तो आला होता.